लोहाराचा विळा आणि आपला कांदा

(लासलगांव येथें शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



लासलगांवांत कोणीहि बोलावयास उभा राहिला, कीं तो कांद्याच्या भावावरच बोलणार असें लोक धरून चालतात. त्यांत त्यांची चूक नाहीं. १९४७ सालीं येथें बाजार समिती स्थापन झाली, आणि आज देशांत कोठेंहि कांदा चढला किंवा पडला कीं लोक प्रथम लासलगांवचा भाव विचारतात. परंतु भाव कांहीं आपल्या हातांत नाहीं. म्हणून आज आम्ही जें आपल्या हातांत आहे त्याविषयीं बोलणार आहों. आपल्या हातांत काय आहे? विळा आहे, खुरपें आहे. घरांत विळी आहे, सुरी आहे. ऊस तोडणाऱ्याच्या हातीं कोयता आहे. ह्या पात्यांविषयीं आणि तीं घडविणाऱ्या माणसांविषयीं आम्हांस चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

प्रथम आमच्याच घरची फजिती सांगतों. दुसऱ्याची सांगण्यापेक्षां स्वतःची सांगितलेली बरी.

कांहीं वर्षांपूर्वीं आमचा उन्हाळी कांदा काढणीस आला होता. मजूर बाया ठरल्या होत्या. घरचे विळे झिजून गेले होते. गांवांत लोहार आहे, त्याची भट्टीहि चालू होती. पण त्यानें एका विळ्याचे जे पैसे सांगितले, त्याच्या निम्म्या पैशांत बाजारांत चकचकीत विळे मिळत होते. आम्हीं शहाणपण केलें! एका दुकानांतून डझनभर विळे आणिले. पहिल्या दिवशीं ते बरे चालले. दुसऱ्या दिवशीं दुपारीं त्यांची धार वळली. बाया दगडावर घासून घासून थकल्या. पुढें पात कापली जाईना, ती ओढून तोडावी लागली. कोठें कांद्याची मान चिरडली, कोठें ती अगदीं कांद्याशींच तुटली.

आपणांस ठाऊकच आहे, कीं चाळींत टिकवावयाचा कांदा म्हटला म्हणजे तो शेतांत नीट सुकवून, इंच-दीड इंच मान ठेवून पात कापावी लागते. ती मान सुकली, मिटली, म्हणजे कांद्याचें दार बंद झालें. मान चिरडली किंवा फार जवळून कापली, तर तेंच दार उघडें राहतें आणि सड तेथूनच आंत शिरते. आमच्या चाळींत तेंच झालें. पोळ्याच्या सुमारास चाळ उघडली, तों नाक धरावें लागलें. आमच्या शेजाऱ्याचा कांदा त्याच रानाचा, त्याच पाण्याचा. पण त्यानें धारेच्या विळ्यांनीं पात कापली होती. त्याची चाळ आमच्याहून पुष्कळ बरी निघाली. सारा दोष विळ्याचा, असें आम्ही म्हणत नाहीं. त्या सालीं हवाहि दमट होती. परंतु हवा दोघांनाहि एकच होती, विळे मात्र दोन तऱ्हेचे होते.

मग आम्हीं त्यांतला एक विळा घेऊन लोहाराकडे गेलों. दिवसा जाण्याची लाज वाटली, म्हणून दिवेलागणीस गेलों. त्यानें विळा हातांत घेतला, धारेवर कानस फिरविली. कानस लोण्यांत जावी तशी आंत गेली. तो हंसला आणि म्हणाला, "तात्या, ह्यो इळा न्हाई, इळ्याचं सोंग हाय. ह्याला कितीबी पानी पाजा, ह्यो पितच न्हाई."

"पितच नाहीं म्हणजे काय रे दादा?" आम्हीं विचारलें.

"आवं, त्यात पोलाद असंल तर पील ना!"

बंधूंनो, ह्या एका वाक्यांत सारी विद्या आहे. ती विद्या आम्हीं पुढें समजून घेतली, ती तुमच्यापुढें ठेवितों.

लोखंड आणि पोलाद हीं दिसावयास सारखीं, पण त्यांच्यांत फरक आहे तो कर्बाचा. कर्ब म्हणजे तोच पदार्थ जो कोळशांत असतो. दारें-खिडक्यांच्या गजांचें जें साधें मऊ लोखंड असतें, त्याच्या शंभर भागांत कर्ब सुमारें पाव भाग किंवा त्याहूनहि कमी. असें लोखंड लाल करून पाण्यांत बुडविलें तरी कठीण होत नाहीं. ज्याच्या शंभर भागांत अर्ध्यापासून एक भागापर्यंत कर्ब आहे, तें पोलाद मात्र पाणी पितें, म्हणजे कठीण होतें आणि धार धरितें. लोहार भंगारांतून मालमोटारीच्या कमानीचे पाटे शोधून आणितो, तो काय वेडा म्हणून? त्या पाट्यांत अर्ध्या भागाहून थोडा अधिक कर्ब असतो. जुनी कानस असेल तर तिच्यांत एक भाग किंवा त्याहूनहि अधिक. रसायनाचें पुस्तक न वाचतां, ठिणगी पाहून आणि कानस लावून, हा माणूस पोलाद ओळखतो.

आतां तो विळा कसा होतो तें पाहा. भट्टींत कोळसा पेटला. पूर्वीं भाता ओढावा लागे, आतां पुष्कळ ठिकाणीं विजेचा पंखा वारा घालतो. सांडशींत धरलेला तुकडा तापून नारिंगी झाला, कीं तो ऐरणीवर आला. एकानें घण मारावा, दुसऱ्यानें हातोडीनें जागा दाखवावी. पाठ जाड ठेवावयाची, धारेकडे पातें पातळ करीत न्यावयाचें, टोंकाकडे आणखी पातळ. मुठींत बसणारें शेपूट काढावयाचें. तुकडा निवला कीं पुन्हां भट्टींत. थंड लोखंडावर घाव घातला तर तें चिरतें. फार तापवून पांढरें केलें, ठिणग्या उडूं लागल्या, तर पोलाद जळतें आणि त्याचा जीव जातो. तेव्हां किती तापवावें ह्याचेंच ज्ञान हें अर्धें कसब.

आकार झाला म्हणजे खरी परीक्षा येते, ती पाणी देण्याची. पातें सुमारें आठशें अंशांपर्यंत, पिकल्या बोरासारखें लाल, तापवावें लागतें. लोहार हें कशावर ओळखतो? रंगावर. म्हणून तो भट्टी सांवलींत ठेवितो, उन्हांत रंग फसवितो. आणखी एक खूण आहे: ह्या तापाच्या सुमारास पोलादाला लोहचुंबक चिकटत नाहीं. असें तापलेलें पातें पाण्यांत किंवा तेलांत बुडविलें, कीं तें एकदम कठीण होतें. पण इतकें कठीण, कीं खालीं पडलें तर कांचेसारखें फुटेल. म्हणून त्याला पुन्हां हलक्या आंचेवर धरावें लागतें. घासून स्वच्छ केलेल्या पात्यावर मग रंग चढूं लागतात: प्रथम गवताच्या काडीसारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटीं निळा. पिवळा येतो सुमारें सवादोनशें अंशांवर, निळा तीनशेंच्या आसपास. सुरीला पिवळ्यावर थांबवावें, कारण तिला धार अधिक हवी. खुरपें दगडावर आपटतें, कोयता उसावर आदळतो. त्यांना आणखी पुढें न्यावें, म्हणजे धार थोडी कमी पण चिवटपणा अधिक. हा जो समतोल आहे, त्यालाच आपले लोक पात्याचें पाणी म्हणतात. माणसालाहि आपण पाणीदार म्हणतों, तें उगीच नव्हे. नुसता कठीण माणूस मोडतो, नुसता मऊ माणूस वाकतो.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण आम्हांस आपल्या माणसांची खोटी स्तुति करावयाची नाहीं. हातानें ठोकलें म्हणजे पोलाद आपोआप उत्तम होतें, अशी एक समजूत आहे. आजचें धातुशास्त्र ती मानीत नाहीं. चांगलें पोलाद घेऊन, नीट ताप देऊन, कारखान्यांत केलेलें पातें उत्तमच असतें. आणि वाईट लोहारानें केलेलें पातें वाईटच असतें. स्वयंपाकघरांतल्या न गंजणाऱ्या सुऱ्या घ्या. त्यांत शंभरांत साडेदहा भागांहून अधिक क्रोमियम असतो. १९१३ सालीं इंग्लंडांत शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्ली यानें हें पोलाद पुढें आणिलें. त्याची सोय आम्ही नाकारीत नाहीं. आपल्या लोहाराची सुरी कांदा कापला कीं काळी पडते, ओली ठेवली कीं गंजते. ती पुसावी लागते, तेलाचा हात द्यावा लागतो. हा तिचा दोष आहे, तो झांकून काय उपयोग?

मग लोहाराच्या पात्याची किंमत कशांत? ती तीन गोष्टींत आहे.

पहिली, तें तुमच्या हाताचें असतें. विळ्याचे दांते व धारेचा उतार एका बाजूला असतात. तो उजव्या हाताचा विळा डावखुऱ्या बाईच्या हातीं दिला, तर तिचें मनगट दिवसभर उलटें वळतें. तिच्यासाठीं उलट्या उताराचा विळा करून द्या, असें चकचकीत डब्यांतल्या विळ्याला कोण सांगणार? लोहाराला सांगतां येतें. हात लहान तर मूठ लहान, रान दगडाळ तर पातें जाड.

दुसरी, तें पुन्हां शेवटून घेतां येतें. धार झिजली तर लोहार तापवितो, ठोकून पातळ करितो, पुन्हां पाणी देतो. पातें अर्धें झिजेपर्यंत कामास येतें. सोंगाचा विळा एकदां वळला कीं भंगारांत.

तिसरी, तें पातें करणारा तुमच्यासमोर असतो. वाईट निघालें तर त्याच्या दारांत जाऊन, "दादा, हें बघ काय झालें," असें म्हणतां येतें. त्याचें नांव त्या पात्यावर नसलें तरी गांवाच्या तोंडीं असतें.

आतां पैशाचा हिशेब करूं. समजा, दुकानचा विळा शंभराला आणि लोहाराचा दोनशेंला. दुकानचा एक हंगाम पुरला आणि लोहाराचा, दर साल वीस रुपये देऊन शेवटीत गेल्यास, पांच हंगाम पुरला. पहिल्याचे पांच सालांत पांचशें झाले. दुसऱ्याचे दोनशें आणि शेवटण्याचे चार वेळचे ऐंशीं, मिळून दोनशें ऐंशीं. हे आंकडे आम्हीं उदाहरणासाठीं धरिले आहेत. तुमच्या घरचे आंकडे घालून तुम्हीं हिशेब करा. आणि चाळींत सडलेला कांदा, बाईच्या बोटाला झालेली जखम, हीं त्यांत धरावयास विसरूं नका. बोथट पात्यावर जोर अधिक लावावा लागतो, आणि जोरानें निसटलेलें पातें बोटावरच येतें. पुष्कळ ठिकाणीं मजूर बाई स्वतःचा विळा घेऊन येते. म्हणजे मालकाच्या कांद्याची राखण ती आपल्या पदरच्या पैशानें करिते! मालकांनो, ह्याचा विचार करा.

कोणी म्हणेल, हीं जुनीं कसबें आतां गेलीं, त्यांच्या नांवानें रडून काय होणार? आम्ही रडावयास आलों नाहीं. पण हीं कसबें कशीं गेलीं तें समजून घेतलें पाहिजे. जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. परदेशांतील यंत्रांवर निघालेला स्वस्त माल येथें येऊन आपल्या कारागिरांचे धंदे कसे बसले, हें त्यांनीं त्यांत दाखविलें. त्याच पुस्तकांत त्यांनीं असेंहि सुचविलें, कीं गांवची पाटिलकी द्यावयाची ती लिहिण्यावाचण्याबरोबर सुतार-लोहाराचें कसब शिकलेल्या आणि नांगर-पाभर हाकण्याच्या परीक्षेंत उतरलेल्या माणसाला द्यावी. म्हणजे ज्याच्या हातांत काम, त्याच्या हातांत मान. आपण नेमकें उलट केलें. जो बसून खातो तो थोर, आणि ज्याचे हात कोळशानें काळे तो हलका, असें आपल्या मुलांना न बोलतां शिकविलें. आतां लोहाराचा मुलगा ऐरणीपाशीं बसेना, तर दोष त्याला देतां?

बलुत्याचा काळ फार चांगला होता, असेंहि आमचें म्हणणें नाहीं. लोहार थोरल्या ओळींतला बलुतेदार खरा; पण खळ्यावर सुपांत काय पडेल तें कुणब्याच्या मर्जीवर. बलुतें गेलें तें एका परीनें बरें झालें. वाईट हें, कीं बलुतें बंद करून आपण त्याला रोख मजुरीहि पुरती दिली नाहीं. फाळ शेवटून आणावयाचा आणि म्हणावयाचें, "घरचंच काम आहे, पैसे कसले मागतोस?"

आणि आमच्या घिसाडी बंधुभगिनींचें काय? गाडीवर संसार, गांवाबाहेर पाल, आणि नवऱ्यानें सांडशींत धरलेल्या तापल्या लोखंडावर घण मारणारी बाई, हें दृश्य आपण सर्वांनीं पाहिलें आहे. तिच्या घणानें घडलेल्या खुरप्यानें आपली निंदणी होते. आपण त्या खुरप्यासाठीं तिच्याशीं पांच रुपयांची घासाघीस करितों, आणि त्याच संध्याकाळीं, "येथून पाल उठवा," असेंहि सांगतों. खंडेनवमीला आपण हत्यारांना झेंडूचीं फुलें वाहतों. हत्यार पूजावयाचें आणि तें घडविणारीला पाणी भरूं द्यावयाचें नाहीं, ही कोणती पूजा?

जगांत हें कसब मेलेलें नाहीं, हेंहि ऐका. जपानांत साकाई म्हणून शहर आहे. तेथें शेंकडों वर्षांपूर्वीं तंबाखू कापण्याच्या सुऱ्या होत. त्या इतक्या चांगल्या, कीं त्यांवर राज्यकर्त्यांनीं खास छाप दिला. आजहि तेथें एकजण पातें घडवितो, दुसरा धार काढितो, तिसरा मूठ बसवितो. मऊ लोखंडावर कठीण पोलाद जोडून ते सुरी करितात. अहो, आपल्या लोहारांनीं कुऱ्हाडीच्या तोंडाला पोलाद जोडलें तें ह्याच युक्तीनें! जर्मनींत झोलिंगन शहराचें नांव पात्यावर कोणीहि ऐरागैरा घालूं नये, असा कायदा १९३८ सालीं झाला. आणि आपला दक्षिण देश? येथें मुशींत वितळविलेलें पोलाद इराणापर्यंत जात असे. तेलंगणांतील कोनसमुद्रम् गांव त्यासाठीं प्रसिद्ध होतें. त्या पोलादाच्या तलवारींचीं नांवें जगभर झालीं. तें वितळविणाऱ्यांचीं नांवें मात्र कोणीं लिहून ठेविलीं नाहींत. परदेशांनीं आपल्या कारागिराला छाप दिला, आपण आपल्या कारागिराला छाप दिला नाहीं, फरक एवढाच.

आतां कारागीर बंधूंनो, तुम्हांसहि दोन शब्द कडू सांगतों. भंगारांतला कोणताहि तुकडा घेऊन, पाणी न देतां, "घ्या पोलादी विळा," असें म्हणून विकणारा आपल्यांतच आहे. उद्यां देतों म्हणून महिना लावणारा आपल्यांतच आहे. आणि कसब आपल्याच पोरांना, तेंहि फक्त मुलांना, शिकवावयाचें, दुसऱ्या जातीचा पोर आला तर भट्टीपाशीं उभा करावयाचा नाहीं, हेंहि आपल्यांतच आहे. विद्येवर कुंपण घालणाऱ्यांना आपण आजवर नांवें ठेविलीं. मग आपणच कुंपण कसें घालावें? घिसाड्याची लेक घण मारूं शकते, तर ती पाणी द्यावयासहि शिकूं शकते.

सरकारची मदतहि समजून घ्या. १७ सप्टेंबर २०२३ रोजीं पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्यांत अठरा धंदे आहेत, लोहारकी त्यांतील एक. शिकवणीच्या दिवसांत रोज ५०० रुपये, अवजारांसाठीं १५,००० रुपयांपर्यंत, आणि पांच टक्के व्याजानें प्रथम एक लाख व पुढें दोन लाखांपर्यंत कर्ज, अशी ती आहे. हें वाचून दाखविणारा एक तरी शिकलेला पोर प्रत्येक गांवीं पुढें आला पाहिजे. कागद भरतां येत नाहीं म्हणून हक्क बुडावा, हें ह्यापुढें चालूं देऊं नका.

शेवटीं चार कामें सांगून आम्ही बसतों.

एक: विळा घेतांना त्याची चमक पाहूं नका. पाठीमागें नव्हे, धारेवर कानस लावून पाहा. कानस घसरली तर पातें कठीण आहे. खोल रुतली तर तें सोंग आहे. बोटानें वाजवून पाहा, भेगेचें पातें खणखणीत वाजत नाहीं.

दोन: कांदा काढणीच्या महिनाभर आधीं लोहाराकडे जा, काम सांगा, थोडे पैसे आगाऊ द्या. आदल्या रात्रीं जाऊन, "उद्यां सकाळीं पाहिजेत," म्हणूं नका. घाईंत दिलेलें पाणी फसतें.

तीन: निफाड तालुक्यांतील लोहारांनीं एकत्र बसावें, आणि प्रत्येकानें आपल्या पात्यावर आपला छाप मारावा. चांगल्या पात्यावर छाप असला तर गिऱ्हाईक पुन्हां येईल. वाईटावर छाप असला तर लाज वाटेल. दोन्ही फायदेच आहेत.

चार: काढणीच्या आणि निंदणीच्या आधीं आठ-पंधरा दिवस घिसाड्यांच्या पालाला गांवांत सांवली, पाणी आणि जागा द्या. हें उपकार म्हणून करूं नका. त्यांच्या घणावर आपलें रान चालतें.

आम्हीं त्या दिवेलागणीस लोहाराकडून परत येतांना विचारलें होतें, "दादा, तुझा मुलगा ही विद्या शिकतो कां?" तो भट्टींत निखारा सारीत म्हणाला, "तात्या, गिऱ्हाईक दिवसा येऊं लागलं, तर शिकंल."

बंधूंनो, त्या उत्तरानें आमची मान खालीं गेली. पुढच्या सालीं आम्हीं दिवसा गेलों, काढणीच्या महिनाभर आधीं, आणि घरच्या सर्व बायांना बरोबर नेलें. त्यांनीं आपापल्या हाताचे विळे सांगितले, आणि ऐरणीपाशीं घण मारावयास त्याचा मुलगा उभा होता. तुम्हींहि दिवसा जा, एवढेंच आमचें मागणें आहे.